रोडकीसाठी एक मूठ जास्त

"नोकरीची एकवीस वर्षं मी अन्नावरच्या माश्या हाकलल्या. आता त्यांनाच रांधून घालतोय. केलेलं फेडावं लागतं, बघा."

प्रयोगशाळेत नवीन आलेल्या प्रत्येकाला आचारीकाका हे ऐकवायचे. मलाही ऐकवलं. मी हसले, म्हणून मला त्या दिवशी स्वयंपाकघर आतून बघायला मिळालं. जे हसत नाहीत त्यांना बाटल्या खिडकीतूनच मिळतात.

आमची प्रयोगशाळा फळमाश्यांच्या जनुकांवर काम करते. फळमाशी म्हणजे जास्त पिकलेल्या केळ्याभोवती घिरट्या घालते ती, तिळाएवढी, लाल डोळ्यांची. अंड्यापासून माशी व्हायला तिला दहा दिवस पुरतात. माणसांच्या चार पिढ्या बघायला शंभर वर्षं लागतील, आम्ही त्या दीड महिन्यात बघून मोकळे होतो. आमच्याकडे माश्यांची नऊशे कुळं आहेत. प्रत्येक कुळात कुठल्या ना कुठल्या जनुकात काहीतरी बिघडवून ठेवलेलं, आणि प्रत्येक कूळ आपापल्या काचेच्या नळीत, तळाशी असलेल्या पिवळट खाण्यावर जगणारं. ते खाणं काका शिजवायचे. मक्याचं पीठ, साखर, यीस्टची पूड, आणि घट्टपणासाठी अगर नावाची शेवाळाची पूड.

स्वयंपाकघर तळमजल्यावर, कोपऱ्यात. चाळीस लिटरचं पातेलं, ढवळायला वल्ह्याएवढा लाकडी उलथा, भिंतीशी चाकांच्या गाडीवर ओळीने लावलेल्या धुतलेल्या बाटल्या, कापसाच्या बोळ्यांची पोती. यीस्टचा डबा मात्र वेगळ्या फळीवर. तो काकांचा खास, कोणी हात लावायचा नाही. बुरशी येऊ नये म्हणून शेवटी खाण्यात आम्ल घालतात, पण त्याआधी काका एक चमचा काढून फुंकर मारून चाखायचे.

"काका, माश्यांचं खाणं चाखता?"

"चाखल्याशिवाय मी कोणाला वाढत नाही. मग समोर ताट असो, नाहीतर बाटली."

त्याआधीची एकवीस वर्षं ते आमच्याच संस्थेच्या कँटीनमध्ये होते. तिथं दाराशी एक तक्रारवही टांगलेली असते. एके दिवशी एकाच भाजीखाली एकाने 'मीठ कमी' आणि लगेच पुढच्या ओळीत दुसऱ्याने 'मीठ जास्त' असं लिहिलं. काकांनी ते पान दोनदा वाचलं, एप्रन काढला आणि बदलीचा अर्ज दिला. माश्यांचा आचारी नुकताच नोकरी सोडून गेला होता. त्या जागेसाठी दुसरा कोणी उमेदवार नव्हता.

"आठ वर्षं झाली," ते म्हणायचे, "एक तक्रार नाही. माश्यांना लिहिता येत नाही, हे केवढं सुख आहे तुम्हाला नाही कळायचं, डॉक्टरीणबाई."

मी डॉक्टरीण व्हायला अजून तीन वर्षं होती. पण काकांच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं, म्हणून मी कधी दुरुस्त केलं नाही.

माझ्या वाट्याला आलेल्या माशीचं नाव होतं रोडकी. खरं तर ते एका जनुकाचं नाव. आमच्यात जनुकाला नाव देण्याचा मान ते शोधणाऱ्याचा असतो. हे जनुक बिघडलं की अळ्या वाढतच नाहीत, म्हणून कोणीतरी ते नाव ठेवून दिलं. पण ते जनुक नेमकं काम काय करतं, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते शोधणं म्हणजे माझं पीएचडी.

मोजायची रीत सोपी. जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असेल, तर माशी धडधाकट असते. ओळखू यावी म्हणून अशा माश्यांचे पंख कुरळे निघतील अशी सोय कुळात आधीच करून ठेवलेली. दोन्ही प्रती चांगल्या असलेल्या अंड्यातच मरतात, तीही सोयच. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर पंख सरळ, आणि तीच खरी रोडकी. सगळ्या जगल्या, तर दोनशे कुरळ्यांमागे शंभर सरळ निघायला हव्यात. निघायच्या दहा-बारा. बाकीच्या अळी असतानाच मरायच्या.

एका दुपारी काका बाटल्या द्यायला वर आले, तेव्हा मी त्यांना सूक्ष्मदर्शकातून दोन अळ्या शेजारी-शेजारी दाखवल्या. एक गुबगुबीत, एक दोऱ्यासारखी.

काकांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"हिला काय झालंय?"

"तिचं एक जनुक बिघडलंय."

"ते असेल. पण ही उपाशी आहे."

"अहो काका, दोघी एकाच बाटलीतल्या आहेत. एकच खाणं."

"एकाच पंगतीत बसूनही एखादं लेकरू उपाशी उठतं," काका म्हणाले आणि रिकाम्या बाटल्यांची गाडी ढकलत निघून गेले. मी माझ्या वहीत तारीख घातली आणि मोजणी लिहिली. काकांचं वाक्य लिहिलं नाही. ते लिहायला हवं होतं.

पंधरा दिवसांनंतर गंमत सुरू झाली. दोनशे कुरळ्यांमागे सरळ पंखांच्या चौऱ्याण्णव निघाल्या. मला वाटलं, मोजताना चुकले. पुन्हा मोजल्या, चौऱ्याण्णवच. पुढच्या आठवड्यात सत्त्याण्णव, त्याच्या पुढच्या आठवड्यात एक्याण्णव. रोडकी बरी झाली होती!

असं होतं कधीकधी. कुळात अचानक दुसऱ्याच एखाद्या जनुकात बदल होतो आणि तो पहिल्याची उणीव भरून काढतो. असा बदल सापडला की दोन्ही जनुकांचं नातं कळतं, आणि संशोधकाचं नशीब उघडतं. मी पन्नास माश्यांचा डीएनए काढला आणि त्यांचा सगळा जनुकसंच वाचून घेतला. मूळ नोंदीपेक्षा वेगळ्या अशा अकराशे जागा आल्या. त्यांतली एक मला फार आवडली. का आवडली, ते आता सांगायला लाज वाटते. मनी वसे ते स्वप्नी दिसे, यापलीकडे तिला पुरावा नव्हता.

सरांना मात्र पुरावा लागतो. आमच्या सरांचा एकच प्रश्न असतो, "किती?" पाऊस पडतोय म्हटलं तरी "किती?" आणि बरं वाटत नाही म्हटलं तरी "किती?" त्यांनी माझ्या चार महिन्यांच्या सतरा मोजण्या पाहिल्या, मान डोलावली आणि म्हणाले, "शुक्रवारी सगळ्यांसमोर मांड."

बुधवारी मी स्वयंपाकघरात गेले. शुक्रवारी भाषणानंतर चहा लागणार होता, आणि तो काकांच्याच हातचा हवा होता. काका पातेलं घासत होते. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुम्हाला ते जे नवीन सापडलंय, ते असतं कुठं?"

"माशीतच, काका. तिच्या डीएनएमध्ये."

"पातेल्यात नसेल ना?"

"म्हणजे?"

काकांनी घासणी खाली ठेवली, हात पुसले, आणि फळीवरचा यीस्टचा डबा काढून माझ्यासमोर ठेवला. "तुमच्या रोडकीच्या, त्या पिवळ्या पट्टीच्या बाटल्यांचं खाणं मी वेगळं काढतो. दोन लिटर, छोट्या पातेल्यात. त्यात एक मूठ जास्त घालतो. त्या दिवशी ती अळी बघितली ना, तेव्हापासून."

 सतरा आठवडे, पन्नास माश्या, अकराशे जागा आणि माझी ती आवडती जागा, सगळं ओळीने डोळ्यांसमोरून गेलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मग का घातलंत?"

"उपाशी होती, पोरी." ते पहिल्यांदाच मला तसं म्हणाले. "माझ्या हाताखालून कोणी उपाशी गेलेलं नाही. वाटलं, एका मुठीनं काय होतंय. काल घरी काकू म्हणाली, अहो, ती पोर शुक्रवारी चारचौघांत तोंडघशी पडेल, आणि तुम्ही चहा वाटत उभे राहाल? आधी सांगून टाका."

मी फार बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. पण वर सरांकडे जाईपर्यंत राग जिन्यातच सांडत गेला, कारण प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट आठवत होती. दर आठवड्याला मी त्या बाटल्या हातात घेत होते. पिवळ्या पट्टीचं खाणं शेजारच्या खाण्यापेक्षा जरा तपकिरी दिसायचं. आणि मी कधी विचारलं नव्हतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. काकाही माझ्यामागून येऊन दारात उभे होते.

"एक मूठ," सर म्हणाले. "किती?"

"एक मूठ म्हणजे एक मूठ, साहेब."

"ग्रॅममध्ये."

"कधी मोजली नाही."

सर उठून खिडकीशी गेले. "हे बघा काका. न विचारता प्रयोगाच्या खाण्यात बदल झाला, हे मला कार्यालयाला लिहून कळवावं लागेल. नियमाप्रमाणे ते तुमची बदली करतील."

"कँटीनला," काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला की जणू सरांनी त्यांना तक्रारवहीतच बांधून टाकलं होतं.

"पण," सर वळले, "तुमची मूठ दर वेळी सारखी असेल, तर हा बिघाड नाही. मग हा सतरा वेळा केलेला प्रयोग आहे. आणि मोजणारीला खाणं बदललंय हे माहीतच नव्हतं, म्हणजे तिचा मोह मोजणीत शिरलेला नाही. तसं निघालं, तर पत्रात मी तेही लिहीन, आणि तुम्हाला इथंच ठेवा असंही लिहीन. पण मूठ कधी लहान, कधी मोठी असेल, तर सतराच्या सतरा मोजण्या केरात. उद्या सकाळी वजनकाट्यावर तीस मुठी घालायच्या."

"तीस?"

"कमी वाटतात का?"

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. बातमी फुटली होती. काकूही आल्या होत्या. त्या शिवणकाम करतात, गळ्यात मोजायची टेप तशीच होती. माझ्या कानाशी त्या पुटपुटल्या, "घरी दोन दिवस सारखं मीठ पडत नाही यांच्या हातून. मला तर धडकीच भरलीय."

सरांनी काट्याचा आकडा काकांना दिसू नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा केला. आकडा मी मोठ्याने वाचायचा नाही, फक्त लिहायचा. काकांनी हात धुतले, कोरडे केले, डबा काठोकाठ भरून घेतला. मूठ भरून ती डब्याच्या काठावरून एकदा ओढली, वरचं खाली सांडलं, आणि उरलेलं कागदावर सोडलं.

तेवीस पूर्णांक सहा.

दुसरी, चोवीस पूर्णांक एक. तिसरी तेवीस पूर्णांक नऊ. चौथी तेवीस पूर्णांक सात. माझ्या मानेवर कोणाचा तरी श्वास येत होता. वळून पाहिलं तर सर होते.

दहावी, बारावी, पंधरावी. आकडे चोवीसच्या आसपासच घुटमळत होते, पुढं नाही, मागं नाही. काकू टेपचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

सतराव्या मुठीला काका कागदावर हात रिकामा करून थांबले. काट्यावर एकवीस पूर्णांक दोन होतं.  मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, "ही हलकी आहे."

"कशावरून?" सरांनी विचारलं.

"डब्यातली पूड खाली गेलीय. काठावर ओढता आली नाही. मी एरवी डबा अर्ध्यावर आला की भरून घेतो, आज गर्दीत विसरलो. ही धरू नका."

"आकडा खोडायचा नाही," सर म्हणाले. पण त्यांचा आवाज बदलला होता. "आकडा राहू दे, शेजारी कारण लिही. काका, डबा भरा."

अठरावी तेवीस पूर्णांक आठ. मग तिसावीपर्यंत काका एकदाही चुकले नाहीत.

मी सरासरी काढली. तेवीस पूर्णांक आठ. ती हलकी मूठ धरूनही फरक अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. सरांनी कागद माझ्या हातातून घेतला, पुन्हा हिशेब केला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, बाह्या सरसावून स्वतःच डब्यात हात घातला. एकोणीस. मग सव्वीस. मग बावीस.

"साहेब," काका पुठ्ठ्यामागून म्हणाले, "मोठ्या पातेल्याला हात लावू नका हं."

हसण्याचा असा लोट उठला की बाटल्या गाडीवर किणकिणल्या. काकू मात्र हसल्या नाहीत. त्या सरळ काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "अहो, इथं तीस वेळा सारखं पडतं. मग घरीच काय होतं?"

"घरी चाखून सांगायला तू असतेस ना," काका म्हणाले. "मग मी कशाला लक्ष देऊ?"

शुक्रवारचं भाषण रद्द झालं, चहा मात्र झाला. पुढच्या सोमवारी खरा प्रयोग मांडला. काकांनी चार प्रकारचं खाणं शिजवलं. नेहमीचं, अर्धी मूठ जास्त, एक मूठ जास्त, दोन मुठी जास्त. या वेळी मुठी ग्रॅममध्ये तोलून घेतल्या होत्या. त्यामुळे काका पूर्ण वेळ आपल्या हाताकडे असं बघत होते, जणू त्याला कोणी सक्तीच्या रजेवर पाठवलंय. बाटल्यांवर सरांनी फक्त अक्षरं लिहिली. कुठल्या अक्षरात काय, हे ना मला ठाऊक, ना काकांना.

पंधरा दिवसांनी मोजणी झाली आणि सरांनी चिठ्ठी उघडली. नेहमीच्या खाण्यावर दोनशे कुरळ्यांमागे अकरा रोडक्या. अर्ध्या मुठीवर बावन्न. एका मुठीवर पंच्याण्णव. दोन मुठींवर शहाण्णव.

"म्हणजे एक मूठ पुरते," काका म्हणाले. "दुसरी नासाडी."

हेच वाक्य सरांनी पुढं इंग्रजीत एक पानभर लिहिलं.

माझी ती आवडती जागा दोन वर्षांपूर्वीच्या माश्यांतही निघाली. म्हणजे रोडकी मरत होती तेव्हाही तो बदल तिच्यात होताच. जुन्या माश्यांचा डीएनए माझ्याच कप्प्यात ठेवलेला होता, आणि मी तो आधी तपासला नव्हता.

त्यापुढचं वर्ष यीस्टमधलं नेमकं काय रोडकीला लागतं, ते शोधण्यात गेलं. एकेक घटक वेगळा करून काका शिजवायचे आणि मी मोजायचे. चौदाव्या पातेल्याला उत्तर सापडलं. एक जीवनसत्त्व. रोडकी जनुक जे बनवतं, ते म्हणजे आतड्याच्या पेशींमधलं एक दार, आणि त्या दारातून हे जीवनसत्त्व आत येतं. बिघडलेलं दार किलकिलंच उघडतं. बाहेर गर्दी नेहमीएवढी असेल तर आत फार थोडं शिरतं. गर्दी वाढवली तर पुरेसं शिरतं. थोड्या फरकाने हेच जनुक माणसातही आहे. तिथं ते काय करतं, ते अजून आम्हाला ठाऊक नाही.

मी निकाल घेऊन खाली धावत गेले. काका ढवळत होते.

"काका, तुमचं बरोबर होतं. ती उपाशीच होती. पंगतीत बसून!"

"मग?" काका म्हणाले. "मी काय वेगळं सांगत होतो?" आणि उलथा माझ्या हातात देऊन, पाठ करून, बराच वेळ डोळे पुसत राहिले. वाफेमुळे, असं त्यांचं म्हणणं.

शोधनिबंधात कृतीचा एक भाग असतो. दुसऱ्या कोणाला प्रयोग करून पाहायचा असेल तर त्यासाठी. त्यात आमच्या खाण्याची कृती दिली आहे, आणि तळटीपेत तीस मुठींची यादी. सतरावीसकट, कारणासकट.

कार्यालयाचं उत्तर त्याच्या किती तरी आधी आलं होतं. दोन ओळींचं. यापुढे खाण्यात बदल लेखी नोंदीनेच करावा, आचाऱ्यांनी आहे त्या जागीच काम पाहावं. काकांनी ते पत्र यीस्टच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून टाकलं. उघडताना रोज दिसतं.

निबंध छापून आला त्या दिवशी सर म्हणाले, सगळ्यांना जेवण द्यायचं. कँटीनवाल्यांना सांगायच्या आत काका पुढं झाले. "मी करतो. एकच दिवस."

"कँटीनमध्ये? तुम्ही?" मी विचारलं.

"परत यायची जागा पक्की असली की कुठंही जाता येतं, डॉक्टरीणबाई."

तर नऊ-दहा वर्षांनी काकांनी पुन्हा तिथला एप्रन घातला. सूप, भात, दोन भाज्या. लोकांनी दोनदा-तीनदा वाढून घेतलं. काकूंनी चाखून मान हलवली होती, त्यामुळे मिठाची चिंताच नव्हती. जेवणं उरकल्यावर काका हात पुसत दाराशी गेले आणि त्यांनी ती तक्रारवही उघडली. मला वाटलं, नको उघडायला. आजच्या तारखेखाली एकच ओळ होती. अक्षर सगळ्यांच्या ओळखीचं.

काकांनी ती मोठ्यांदा वाचली. "भाजीत मीठ थोडं कमी."

 सर ताटावरून मान वर करून बघत होते.

काका वही घेऊन थेट त्यांच्या टेबलापाशी गेले, ती त्यांच्यासमोर उघडी ठेवली, त्या ओळीवर बोट टेकवलं आणि विचारलं, "किती?"

  सरांनी आमच्याकडे पाहिलं, कोणी मदतीला आलं नाही. शेवटी त्यांनी उजवा हात वर केला, अंगठा आणि बोट एकमेकांजवळ आणलं, जरा दूर केलं, पुन्हा जवळ आणलं.

"एवढं," सर म्हणाले.